कुत्र्यासाठी 'कधीच न तुटणारा' बॉल कोणता घ्यावा?

खारघरहून एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांचा ब्रुनो नावाचा लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा आहे, वय १४ महिने, वजन ३१ किलो. संध्याकाळी सोसायटीच्या पोडियमवर आणि रविवारी मोकळ्या मैदानावर ते त्याच्याशी बॉल खेळतात. दुपारी घरी फक्त आई असतात, म्हणून ब्रुनोचं मन रमावं यासाठी बॉल त्याच्यापाशीच ठेवलेला असतो. मुलाच्या क्रिकेटचा टेनिस बॉल दोन दिवसांत फाटतो, आणि गेल्या आठवड्यात फाटलेल्या बॉलचा एक तुकडा सापडलाच नाही. आता त्यांना 'कधीच न तुटणारा' बॉल हवा आहे, पैसे कितीही पडले तरी चालतील. जोडीला दोन प्रश्न आहेत. बहीण शनिवार-रविवारी तिची शित्झू जातीची छोटी कुत्री घेऊन येते, तर दोघांना एकच बॉल चालेल का? आणि वॉचमनकाका म्हणतात, बॉलची भानगडच नको, काठी फेका. ते बरोबर आहे का?

मी १९ वर्षं ठाण्यात कुत्र्या-मांजरांवर उपचार करते. या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते: तो न सापडलेला तुकडा.

आठवडा झाला आहे. ब्रुनो नेहमीसारखा जेवत असेल, शी व्यवस्थित होत असेल, उलटी नसेल, तर बहुधा तुकडा शीवाटे निघून गेला असेल किंवा त्याने तो गिळलाच नसेल. पण 'बहुधा'वर विसंबू नका. रबराचा तुकडा पोटात कितीतरी दिवस, कधीकधी काही आठवडे, काहीही त्रास न देता पडून राहतो आणि मग एक दिवस पुढे सरकून आतड्यात अडकतो. त्यामुळे पुढचा महिनाभर लक्ष ठेवा. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना जाणं, पोटाला हात लावला की अंग चोरणं, पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरून राहणं, शीला बसून काहीच न होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लॅबने ताटाकडे पाठ फिरवली, एवढी एक गोष्टसुद्धा मला पुरेशी वाटते. जाताना फाटलेल्या बॉलचे उरलेले तुकडे पिशवीत घालून न्या. किती मोठा भाग गायब आहे ते त्यावरून कळतं. एक्स-रेमध्ये हाड आणि धातू स्पष्ट दिसतात, रबर मात्र अंधूक दिसतं किंवा दिसतही नाही. म्हणून डॉक्टरांनी वर सोनोग्राफी सांगितली तर ती बिल वाढवायला सांगितली असं समजू नका. आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात अजिबात पडू नका. अंगात मीठ जास्त झालं तर त्यानेच झटके येतात, जीवही जातो.

आता बॉल.

न तुटणारं खेळणं मागायला माझ्याकडे खूप जण येतात, आणि ही मागणी मला पूर्ण समजते. तुकडाच पडला नाही तर तो गिळणार कसा, असा साधा हिशोब आहे. पण ब्रुनोच्या तोंडात काय होतं ते बघा. दाढ आणि बॉल एकमेकांवर दाबले जातात, दिवसातून शेकडो वेळा. दोन्हींपैकी जे कमी टणक, ते झिजणार किंवा फुटणार. बॉल कधीच फुटणार नाही असा घेतलात, तर फुटायची पाळी दाढेची.

हे मी शिकले त्याची किंमत माझ्या एका पेशंटने मोजली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत वर्तकनगरच्या एका कुटुंबाला त्यांच्या रॉटवायलरसाठी मी स्वतः कडक नायलॉनचं खेळणं सुचवलं होतं. दोन-तीन महिन्यांनी तो एकाच बाजूने जेवायला लागला. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातली सगळ्यात मोठी दाढ मांस कातरायची असते. तिची बाहेरची कपची उभी निघाली होती आणि आतली नस उघडी पडली होती. कुत्री दातदुखी दाखवत नाहीत, त्यामुळे किती दिवस तो ते सोसत होता कोण जाणे. पूर्ण भूल देऊन दाढ काढावी लागली. खेळण्यावर नुसते ओरखडे होते. ते मी आजही क्लिनिकच्या कपाटात ठेवलं आहे आणि असा प्रश्न आला की टेबलावर काढून ठेवते.

तेव्हापासून दुकानात उभ्या-उभ्या करता येतील अशा दोन चाचण्या मी सगळ्यांना सांगते. अंगठ्याचं नख खेळण्यात रुतवा. थोडा खळगा पडायला हवा आणि सोडल्यावर तो भरून यायला हवा. मग तीच वस्तू आपल्याच गुडघ्याच्या वाटीवर हलकेच आपटा. कळ आली तर ती वस्तू कुत्र्याच्या दातांसाठी फार टणक आहे. नायलॉनची हाडं, हरणाच्या शिंगासारख्या वस्तू, वाळवलेली खरी हाडं, कडक प्लास्टिकचे बॉल इथेच बाद होतात.

तुम्ही म्हणाल, म्हणजे मऊ घ्यायचा, आणि मऊ तर दोन दिवसांत फाटतो. बरोबर. पण तो फाटतो कधी, ते एकदा लक्ष देऊन बघा. धावत जाऊन बॉल उचलून परत येणारा कुत्रा बॉल चावत नसतो, फक्त धरून ठेवतो. बॉल फाटतो तो खेळ संपल्यावर. ब्रुनो पोडियमच्या कोपऱ्यात किंवा दुपारी सोफ्याजवळ आडवा होतो, बॉल पुढच्या दोन पंजांत धरतो आणि मागच्या दाढांनी दाबायला लागतो. लॅबच्या जबड्यापुढे असा दहा-पंधरा मिनिटं निवांत चावलेला फेकायचा बॉल टिकत नाही, मग तो दुकानातला सगळ्यात महाग का असेना.

म्हणून तुमचा खरा प्रश्न बॉलच्या दर्जाचा नाही असं मला वाटतं. एकाच वस्तूवर तुम्ही दोन कामं टाकली आहेत, संध्याकाळी फेकायचं आणि दुपारी चघळायचं. फेकायचं खेळणं हलकं, दबणारं, तोंडाला सहज धरता येणारं लागतं. चघळायचं खेळणं जाड भिंतीचं, तुकडा न निघणारं, दाढेत पूर्ण न मावणारं लागतं. दोन्ही गुण एका वस्तूत नीट बसत नाहीत.

तर फेकायचा बॉल तुमचा, ब्रुनोचा नव्हे, असं धरून चाला. खेळाच्या आधी तो तुमच्या खिशातून निघेल आणि खेळ संपला की खिशातच जाईल. यासाठी एकसारखे दोन बॉल घ्या. एक फेका. ब्रुनो तो घेऊन आला की दुसरा दाखवा. पहिला आपोआप तोंडातून पडतो, मग दुसरा फेका. बॉल ओढून घ्यायची झटापट करावी लागत नाही, आणि 'सोड' हा शब्द तो दोन आठवड्यांत शिकतो. शेवटच्या बॉलच्या बदल्यात पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांत यामुळे दोन दिवसांचा बॉल पाच-सहा महिने चालला आहे.

चघळण्यासाठी नैसर्गिक रबराची पोकळ, जाड खेळणी घ्या. ही कल्पना निघाली तीच दात वाचवण्यातून. अमेरिकेतल्या जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करताना काढून टाकलेला सस्पेन्शनचा रबरी भाग त्याने उचलला आणि दगड सोडून दिले. त्याच आकारावरून १९७६ साली काँग नावाचं खेळणं निघालं. आज त्या प्रकारची बरीच खेळणी आपल्याकडे मिळतात. ब्रुनोच्या वजनाला मोठा आकार घ्या. आत दहीभात, शिजवलेलं गाजर किंवा लाल भोपळा भरून फ्रीजरमध्ये ठेवा. कांदा, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं पीनट बटर मात्र चुकूनही नको, ती कुत्र्यांना विषारी आहेत.

आता फेकायच्या बॉलचा आकार. इथे मी कुणालाही सवलत देत नाही, कारण आतड्यात अडकलेला तुकडा काढायला आम्हाला वेळ मिळतो, घशात अडकलेला बॉल काढायला मिळत नाही. साधी परीक्षा सांगते. कुत्र्याने बॉल तोंडात धरल्यावर समोरून बघा. ओठ मिटले आणि बॉल दिसेनासा झाला तर तो बॉल छोटा. बॉलमुळे जबडा उघडाच राहिला पाहिजे आणि बॉलचा बराच भाग सुळ्यांच्या पुढे दिसला पाहिजे. बाजारात रबरी बॉल साधारण ५, साडेसहा, साडेसात आणि ९ सेंटिमीटर व्यासाचे मिळतात. ब्रुनोसाठी साडेसातच्या खाली येऊ नका, आणि तोंड मोठं असेल तर सरळ ९चा घ्या.

टेनिस बॉलचा व्यास साडेसहा ते पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे मोठ्या लॅबला तो मुळात छोटाच. त्यात तो दबतो, लाळेने बुळबुळीत होतो, आणि उडी मारून हवेत झेलताना तोंड वर, घसा सरळ आणि बॉल वेगात, असा सगळा योग जुळून येतो. दाढेखाली दाबला की तो मधोमध फुटून दोन वाट्या होतात. त्यातली एक वाटी घशाच्या तोंडावर झाकणासारखी बसू शकते. राहिली त्यावरची लव. ती स्वच्छ असते तोवर फार बिघडत नाही, पण आपल्या मैदानांवरची माती आणि बारीक रेती तिच्यात अडकते आणि तो बॉल पॉलिश पेपरसारखा काम करतो. वर्षानुवर्षं टेनिस बॉल तोंडात घेऊन हिंडणाऱ्या कुत्र्यांचे सुळे आणि पुढच्या दाढा टोकाला सपाट झालेल्या मला दिसतात, मधोमध तपकिरी ठिपका. कधीमधी तुमच्या देखरेखीखाली दहा मिनिटं टेनिस बॉल खेळला म्हणून आभाळ कोसळणार नाही. पण रोजचा बॉल म्हणून, आणि दुपारचा सोबती म्हणून, मी तो बंद करायला सांगेन. क्रिकेटचे बाकीचे बॉलही नकोत. सीझन बॉल दगडासारखा, शिवाय त्याची शिवण उसवून आतला दोरा निघतो. छोटा भरीव रबरी बॉल तर टेनिस बॉलहून घातक, कारण तो दबतही नाही आणि घशात घट्ट बसतो.

बॉलला भोक असेल तर ती किमान दोन हवीत, आरपार. भोक असलेला बॉल चांगलाच, अडकला तरी हवा जायला वाट राहते. पण पोकळ बॉलला एकच भोक असेल तर जीभ आत गेल्यावर आतली हवा दबून बाहेर जाते, पोकळी निर्माण होते आणि जीभ ओढली जाऊन सुजते. जीभ काळीनिळी पडून कापावी लागल्याची उदाहरणं आमच्या व्यवसायात नोंदलेली आहेत. दुकानात बॉल हातात घेऊन भोकं मोजायला अर्धं मिनिट पुरतं.

रंग निळा किंवा पिवळा घ्या. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यासारख्या तीन प्रकारच्या नसून दोनच प्रकारच्या असतात. जे नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी हे १९८९ साली प्रयोगातून दाखवलं. लाल किंवा केशरी बॉल आपल्याला गवतात उठून दिसतो, त्याला तो गवतासारखाच मळकट दिसतो. पावसाळ्यात मैदान हिरवंगार असतं तेव्हा निळा सगळ्यात उत्तम. दिसणारा बॉल तो नीट उचलतो. न दिसणारा शोधताना तोंडात काय काय घेतो, ते खारघरच्या मोकळ्या प्लॉटवर राहणाऱ्यांना सांगायला नको.

शित्झूचा प्रश्न. दोघं एकत्र असतील तेव्हा जमिनीवर असलेला प्रत्येक बॉल ब्रुनोच्या मापाचा हवा. तिच्यासाठी योग्य असलेला ५ सेंटिमीटरचा बॉल ब्रुनोच्या घशात एका घासात जाईल. लहान कुत्री मोठा बॉल नाकाने ढकलत, पंजाने लोटत छान खेळतात. तोंडात मावला नाही म्हणून त्यांचं काही अडत नाही. तिला तोंडात धरायचंच असेल तर कापडी खेळणं द्या, तेही ब्रुनो दुसऱ्या खोलीत असताना. शिवाय शित्झू चपट्या नाकाची. ब्रुनोच्या मागे धावून ती लवकर दमते आणि श्वास लागतो, तिची पाळी दोन-तीन मिनिटांची ठेवा.

आणि बॉल अडकलाच तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, आईंनासुद्धा. कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, घाबरून सैरावैरा करतो, आवाज बंद होतो, हिरड्या गुलाबीच्या निळसर व्हायला लागतात. अशा वेळी बोटं घालून बॉल पकडायला गेलात तर लाळेमुळे तो आणखी आत सरकतो. त्याला पाठीवर किंवा कुशीवर झोपवा, एकाने धरा. दुसऱ्याने खालच्या जबड्याच्या मागे, गळ्याच्या बाहेरून बॉल कुठे आहे ते चाचपा, दोन्ही अंगठे बॉलच्या खालच्या बाजूला, म्हणजे छातीच्या दिशेला ठेवा आणि बॉल तोंडाकडे जोर लावून ढकला. तोंड उघडं राहील असं बघा. याने जमलं नाही तर मागून धरा, शेवटच्या बरगडीखाली मूठ ठेवा आणि झटक्याने आत व पुढे तीन-चार वेळा दाबा. हातात मोजकी मिनिटं असतात. खारघरहून वाशी किंवा पनवेलला पोचेपर्यंत ती संपतात, म्हणून पहिला प्रयत्न तिथेच, जमिनीवर बसून करायचा आणि दुसऱ्या कुणी गाडी काढायची. बॉल निघून कुत्रा उभा राहिला तरीही दवाखान्यात जा, कारण घशाला नंतर सूज येते.

वॉचमनकाकांची काठी. काकांचा हेतू चांगला आहे, आणि गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री काठ्यांशी खेळत आली आहेत. तरीही माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. फेकलेली काठी कधीकधी तिरकी रुतून उभी राहते आणि कुत्रा तोंड उघडं ठेवून पूर्ण वेगाने तिच्यावर जातो. टोक जिभेखाली, टाळूत किंवा घशाच्या मागच्या भिंतीत घुसतं. बाहेरून थोडंसं रक्त दिसतं, घरचे म्हणतात जीभ चावली असेल. आत मोडलेली कपची राहते आणि काही आठवड्यांनी मानेवर गळू येतो, फुटतो, भरतो, पुन्हा येतो. येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्या एका कुटुंबाच्या देशी कुत्रीच्या मानेतून अशी बोटाच्या पेराएवढी लाकडाची कपची मी काढली आहे. चार महिने ती अँटिबायोटिकवर होती आणि काठीची आठवण घरच्यांना मी विचारल्यावर झाली. बांबू सगळ्यात वाईट, त्याच्या सुया निघतात. आणि काठी कुठल्या झाडाची हेही बघावं लागतं. सोसायट्यांच्या कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकावर कण्हेर आणि बिट्टी हौसेने लावलेली असते. त्यांच्या फांदीचा चीक हृदयाचे ठोके बिघडवतो. ती फांदी छाटून पडलेली असते आणि दिसायला अगदी फेकण्याजोगी सरळ असते. काकांना काठी फेकायची हौस असेल तर त्याच आकाराची लवचीक रबरी कांडी मिळते, ती त्यांच्या हातात द्या.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. दगड नको: दात, आणि पोटही. नारळाची करवंटी आणि सोडणं आपल्याकडे फार जण देतात. काथ्या पोटात जाऊन गोळा होतो, नको. दोरीची खेळणी ओढाओढीला चांगली, पण ती तुमच्या हातात एक टोक असेपर्यंतच. सुटलेला लांब धागा गिळला की एक टोक वर अडकतं आणि आतडी त्या धाग्यावर चुणीसारखी गोळा होऊन कापली जातात. शीच्या जागी धागा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसेच डॉक्टरकडे या. पीं-पीं वाजणारी खेळणी फेकायला चालतील, आतली शिट्टी बाहेर काढणारा कुत्रा असेल तर नाही. फ्रिस्बी घ्यायची तर कापडाची किंवा मऊ रबराची घ्या आणि जमिनीलगत फेका. हवेत उडी मारून पिळवटलेल्या अंगाने मागच्या दोन पायांवर उतरणं गुडघ्याच्या अस्थिबंधाला महागात पडतं.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: ब्रुनोसाठी साडेसात किंवा ९ सेंटिमीटरचे, नखाने दबणारे, दोन भोकांचे किंवा बिनभोकाचे निळे रबरी बॉल दोन, चघळायला जाड रबराचं मोठं खेळणं एक, दोन्ही वेगळ्या जागी. वरच्या सगळ्या परीक्षांत उतरलेला बॉलही दर आठवड्याला दोन्ही हातांनी पिळून बघा. चीर दिसली, कपची निघाली, भोकाची कड फाटली, की तो टाका. बॉल हा चपलेसारखा झिजणारा माल आहे, दोन-तीन महिन्यांनी नवा घ्यायचा असं गृहीत धरूनच बजेट करा.

खेळ कुठे आणि किती वेळ, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याशिवाय उत्तर अपुरं राहील. पोडियमवरच्या गुळगुळीत टाइलवर किंवा पेव्हर ब्लॉकवर लांब फेक नको. थांबताना पाय घसरतो, वळताना गुडघा पिळवटतो. मोठ्या जातींत हाडांच्या टोकांची वाढ साधारण १२ ते १८ महिन्यांत पुरी होते, म्हणजे ब्रुनो अजून त्या हद्दीत आहे. पोडियमवर बॉल सरपटता, दहा-बारा फुटांवर टाका. लांब फेक मातीच्या मैदानावर. उंच फेकून झेलायला लावू नका, त्याने घसा आणि सांधे दोन्ही वाचतात. बॉलवेड्या लॅबला थांबायचं कळत नाही, ते तुम्हाला कळलं पाहिजे. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे ऊन आणि दमटपणा एकत्र असतात, धापा टाकूनही अंग थंड होत नाही. सकाळी लवकर किंवा अंधार पडल्यावर दहा मिनिटं, मध्ये पाणी, बस. तळहात जमिनीवर सात सेकंद टेकवता आला नाही तर त्याच्या पंजांनाही ती जमीन भाजते. खेळ संपल्यावरही धापा थांबत नसतील, जीभ गडद लाल आणि चाल झोकांडणारी असेल तर साधं पाणी ओता, पंख्याखाली आणा आणि लगेच दवाखाना गाठा.

लॅबच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. काही लॅबमध्ये एक जनुकीय दोष असतो. तो कोणत्या जनुकात आहे ते २००८ साली सापडलं. असा कुत्रा एरवी ठणठणीत असतो, पण पाच ते पंधरा मिनिटं जोरात, उत्साहाने बॉल आणून झाला की मागचे पाय लटपटतात, ओढले जातात, कधी तो कोसळतो. अर्ध्या तासात पुन्हा नीट. घरचे म्हणतात दमला. पहिल्यांदा हे दिसतं ते बहुतेक पाच महिने ते तीन वर्षांच्या वयात, म्हणजे ब्रुनोच्याच. असं एकदा जरी झालं तर बॉल तिथेच बंद करा, मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा. तशा अवस्थेत खेळत राहिलेले काही कुत्रे दगावले आहेत.

पावसाळ्यात बॉल डबक्यात जाणारच. डबक्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, कुत्र्यालाही आणि तो बॉल हाताळणाऱ्या माणसालाही. वर्षाची लस पावसाच्या आधी पुरी करा. भोकाच्या बॉलमधलं पाणी पिळून काढा, भांड्याच्या साबणाने धुऊन कोरडा करा. आणि ठाण्याकडे कधी आलात तर येऊरला संध्याकाळी बॉल खेळवायचा मोह टाळा. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबटे आहेत, आणि झाडीत गेलेल्या बॉलमागे धावणारा कुत्रा त्यांना सोपी शिकार वाटतो.

राहिली दुपार. फेकायचे दोन्ही बॉल चपलांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवा. आईंना सांगा, एक वाजता फ्रीजरमधलं भरलेलं खेळणं त्याला द्या, चाटून झालं की उचलून धुऊन ठेवा. पहिले चार-पाच दिवस ब्रुनो कपाटासमोर बसून भुंकेल, रडेल, आईंचा जीव कासावीस होईल. एकदा जरी दया येऊन बॉल काढून दिला तर तो पुढचे पंधरा दिवस भुंकेल. आठवडाभर नेट धरला तर कपाटाकडे बघणं तो आपोआप सोडतो.

आणि आज रात्रीच एक काम करा. सोफा, पलंग, वॉशिंग मशीन ओढून घरातले सगळे जुने फाटके बॉल आणि तुकडे शोधून काढा, शनिवारी शित्झू येणार आहे. त्यात कदाचित तो हरवलेला तुकडाही सापडेल. सापडला तर बॉलच्या उरलेल्या भागाला लावून बघा. कडा पूर्ण जुळल्या तर महिनाभर लक्ष ठेवायला मी सांगितलं ते विसरून जा.